वाट अडली तेव्हा : पित्तनलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची गोष्ट

(दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, आणि आजचा विषय शस्त्रक्रियेचा आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर आहे. मला इंजेक्शन देता येत नाही. हा खुलासा मला या गावात पूर्वीही एकदा करावा लागला होता, आणि तो करताना माझी मान खाली गेली होती. तिथूनच सुरुवात करतो.

१९८८ सालची दिवाळी. मला पीएच.डी. मिळून दोन वर्षं झाली होती. सुट्टीला गावी आलो तर थोरले दादा ओट्यावर बसलेले, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि दोन्ही हातांनी अंग खाजवतायत. आई म्हणाली, "लेकरा, तू डाक्टर झालास ना? मग बघ की याचं." मी हसलो. म्हटलं, "आई, मी पुस्तकातला डॉक्टर." आई म्हणाली, "मग पुस्तकात बघ."

मी काय केलं? डोळे पाहिले आणि म्हणालो, कावीळ आहे, होईल बरी. गळ्यात माळ होतीच. जवळच्या एका डॉक्टरांकडे सलाईन चालू होतं. तेल-तूप बंद, ताक-भात चालू. रात्री अंगणात बाजा टाकून पडलो असताना दादा हळूच म्हणाले, "परसाकडला पांढरं होतंय रे. राखुंडीसारखं." मी म्हणालो, "तेल-तूप बंद केलंय ना, म्हणून असेल."

हे वाक्य मी सदतीस वर्षं विसरलेलो नाही. आजच्या इतिहासात ते पुन्हा येणार आहे.

आता तुम्हाला दोनेक हजार वर्षं मागं नेतो. चरकसंहितेत चिकित्सास्थानात पांडुरोगाचा अध्याय आहे, त्यातच कामला म्हणजे कावीळ येते. तिथं काविळीचा एक वेगळा प्रकार सांगितलाय. ज्या रोग्याचा मळ वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो, त्याच्या पित्ताची वाट अडलेली आहे असं समजावं. चरकांना कर्करोगाचं आजचं ज्ञान होतं, असला दावा मी करत नाही. वाट अडवणारा त्यांच्या मते कफ होता, आणि उपाय औषधांचा होता. पण निरीक्षण बघा. मळाला रंग पित्तामुळे येतो. मळ पांढरा झाला तर पित्त आतड्यात पोचत नाही. म्हणजे वाटेत काहीतरी आहे. डोळे पिवळे असलेल्या हजार लोकांतून वाट अडलेला माणूस वेगळा काढायची खूण त्यांनी लिहून ठेवली.

आणि मी कुठला प्राध्यापक? भारतीय तर्कशास्त्राचा! न्यायदर्शनातलं अनुमान मी वर्गात शिकवत होतो. त्यात 'सव्यभिचार हेतू' नावाचा एक दोष आहे. सोपं करून सांगतो. आपल्याकडं आभाळ भरून येतं, सगळे वर बघतात, आणि पाऊस कुठंतरी परभणीकडं निघून जातो. आभाळ आलं म्हणून पाऊस येणारच, हे अनुमान टिकत नाही. का? कारण आभाळ पावसाबरोबरही असतं आणि पावसाशिवायही असतं. पिवळे डोळे ही अशीच खूण आहे. दूषित पाण्यातून आलेल्या काविळीत डोळे पिवळे, दारूनं यकृत गेलं तरी पिवळे, नलिकेत खडा अडकला तरी पिवळे, गाठ झाली तरी पिवळे. नुसत्या पिवळेपणावरून कारण ठरत नाही. त्याला जोड लागते. मळ पांढरा आहे का? लघवी कोऱ्या चहासारखी गडद आहे का? अंगाला खाज आहे का? वजन उतरतंय का? दुखत नाहीये, तरी कावीळ वाढत चाललीय का? एवढ्या खुणा एकत्र आल्या की अनुमान घट्ट व्हायला लागतं. हे मी फळ्यावर दहा वर्षं शिकवत होतो आणि अंगणातल्या बाजेवर विसरलो. काविळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. आमच्या घरात कावीळ दादांना झाली होती, नजर मात्र आमची बिघडली होती.

माळेबद्दलही बोलतो, चिडून नाही. वनस्पतीच्या काड्यांचे तुकडे विशिष्ट सैल गाठींनी दोऱ्यात गुंफतात. काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सुटत जातात आणि माळ लांबते. माळ पोटाखाली आली की कावीळ उतरली म्हणायचं. हातावर चुन्याची निवळी ओतून पिवळं पाणी दाखवणारेही असतात. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लागलेला असतो, चुना लागला की पाणी पिवळं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव करून दाखवलंय. पण लोकांचा विश्वास का बसतो? कारण पाण्यातून येणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय माळेला जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते. माळेनं अपाय होत नाही, वेळ जातो. आणि आज मी जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात वेळ हीच सगळ्यात महाग वस्तू आहे.

आता शरीरातली ही वाट समजून घेऊ. तुम्ही माजलगाव धरणाच्या परिसरातली माणसं, तुम्हाला पटकन कळेल. यकृत, म्हणजे लिव्हर, रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. यकृतभर बारीक ओहोळ आहेत. ते मिळत मिळत उजवीकडून एक आणि डावीकडून एक अशा दोन नळ्या बाहेर येतात. दोघींचा संगम होतो आणि एक मुख्य नळी खाली निघते. वाटेत बाजूला एक साठवण तळं आहे, ते पित्ताशय. नळी पुढे स्वादुपिंडाच्या, म्हणजे पॅन्क्रियाजच्या डोक्यातून जाते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. अख्खी नळी वीतभरही लांब नाही आणि जाडीला पेन्सिलीएवढीही नाही. शेजारी यकृताला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या, इतक्या चिकटून की मध्ये बोट घालायला जागा नाही.

या नळीच्या आतल्या अस्तरात कर्करोग होऊ शकतो. संगमावर होतो, मध्यावर होतो किंवा खालच्या तोंडाशी होतो. गाठ कुठं आहे यावर शस्त्रक्रिया ठरते. म्हणून या इतिहासाला दोन वाटा आहेत, एक खालच्या टोकाची आणि एक संगमाची.

सुरुवात साठवण तळ्यापासून झाली. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या सर्जननं पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय काढलं. रोगी बरा झाला. लांगेनबुखचा विचार साधा होता, की पित्ताशयावाचून जगता येतं. घोड्याला कुठं पित्ताशय असतं? तळं बुजवलं तरी नदी वाहते. पण नदीच काढायची म्हटलं तर? नळी नुसती कापून टाकता येत नाही. कापली तर पित्ताला दुसरी वाट करून द्यावी लागते. म्हणून या शस्त्रक्रियेत कापण्यापेक्षा जोडणं अवघड असतं. हे सर्जन लोकांना कळायला आणि जमायला फार वर्षं लागली.

१८९० साली बाझलच्या लुडविग कूर्व्हाझिए यांनी नळी अडलेल्या रोग्यांच्या नोंदी गोळा करून एक नियम मांडला. कावीळ आहे आणि पोटावर हात ठेवल्यावर फुगलेलं पित्ताशय लागतंय, तर अडथळा बहुधा खड्याचा नाही. खडे असले की पित्ताशय बहुतेक वेळा आधीच आक्रसलेलं, जाड झालेलं असतं. ते फुगलंय म्हणजे दुसरं काही वाढतंय. वैद्यकाचे विद्यार्थी हा नियम आजही शिकतात. माझ्यासारख्याला त्यातला 'बहुधा' हा शब्द आवडतो. खुणेवर किती भार टाकायचा, हे त्या एका शब्दात आहे.

मग अमेरिकेतले विल्यम हॉल्स्टेड. यांचं आयुष्य या नळीनं वेढलेलं आहे. तरुणपणी त्यांनी आपल्या आईवर घरातच, मध्यरात्रीनंतर, पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली आणि खडे काढले. आई वाचली. पुढं १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बाल्टिमोरमध्ये त्यांनी पित्तनलिकेच्या खालच्या तोंडाची कर्करोगाची गाठ कापून काढली आणि नलिका पुन्हा आतड्याला जोडली. बाई शस्त्रक्रियेतून उठल्या, पण काही महिन्यांनी रोग परत आला आणि त्या गेल्या. आणि खुद्द हॉल्स्टेड? १९२२ साली त्यांच्याच पित्तनलिकेत खडे झाले, त्यांच्याच शिष्यांनी शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीत ते वारले. ज्यानं वाट दाखवली त्यालाही ती वाट पार करता आली नाही.

१९०९ साली बर्लिनच्याच वाल्टर काउश यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. गाठीसकट स्वादुपिंडाचं डोकं आणि आतड्याचा भाग काढला, तोही दोन टप्प्यांत. रोगी सुमारे नऊ महिने जगला. मग न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल आले. १९३५ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर तीन रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. आज खालच्या टोकाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेला सगळे 'व्हिपल' म्हणतात. मुंबईच्या रुग्णालयांत नातेवाईकही म्हणतात, "आमच्या पेशंटचं व्हिपल आहे."

पण दोन टप्पे का? इथं एक गंमत आहे, आणि तिच्यात कोंबडीची पिल्लं आहेत. कावीळ झालेल्या माणसाला कापलं की रक्त थांबत नसे. सर्जननं गाठ व्यवस्थित काढावी आणि रोगी टाक्यांतून झिरपणाऱ्या रक्तानं जावा, असं व्हायचं. म्हणून आधी पित्ताला बाहेर वाट द्यायची, कावीळ उतरू द्यायची, मग काही आठवड्यांनी गाठ काढायची. कारण कुणाला माहीत नव्हतं. डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम नावाचे शास्त्रज्ञ पिल्लांना स्निग्धांश काढलेलं खाणं देऊन प्रयोग करत होते. पिल्लांच्या अंगात रक्तस्राव व्हायला लागला. त्यातून त्यांना रक्त गोठायला मदत करणारं जीवनसत्त्व सापडलं, ते म्हणजे 'के'. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं, आणि स्निग्ध पदार्थ पचवायला पित्त लागतं. वाट अडली, पित्त नाही, के नाही, रक्त गोठत नाही. सगळी साखळी जुळली. १९४० साली व्हिपलनी के जीवनसत्त्वाच्या आधारे एकाच टप्प्यात शस्त्रक्रिया केली. डाम यांना १९४३ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं, अमेरिकेच्या एडवर्ड डॉइझी यांच्याबरोबर. सर्जनच्या सुरीला जे तीस वर्षं जमलं नाही, ते पिल्लांच्या खुराड्यातून आलं.

तरीही काम सुकर झालं नाही. व्हिपलनी आयुष्यभरात ३७ शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या काळात तीनातला एक रोगी शस्त्रक्रियेनंतर दगावायचा. १९७० साली जॉर्ज क्राइल या नावाजलेल्या अमेरिकन सर्जननं लिहिलं, की एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्यापेक्षा नुसती वळणवाट काढून कावीळ उतरवणं बरं. हा माणूस भित्रा नव्हता. हिशेब मांडत होता. कापल्यानं जितके वाचतात त्याहून जास्त कापण्यानंच जात असतील, तर कापायचं कशाला? शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा प्रश्न विचारणारे लोक हवेत. त्यांच्यामुळे सुरी जबाबदार होते.

मग फरक कशानं पडला? नव्या सुरीनं नाही. भूल सुधारली, रक्त मिळायला लागलं, प्रतिजैविकं आली, सीटी स्कॅन आलं, अतिदक्षता विभाग आले. आणि मुख्य म्हणजे हे काम मोजक्या ठिकाणी, मोजक्या हातांत, पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. १९९३ साली बाल्टिमोरच्या जॉन कॅमरन यांच्या तुकडीनं लागोपाठ १४५ रोग्यांवर ही शस्त्रक्रिया केली आणि त्यातला एकही शस्त्रक्रियेनं दगावला नाही, असं प्रसिद्ध केलं. हॉल्स्टेडचं तेच रुग्णालय, जॉन्स हॉपकिन्स. जिथं पंच्याण्णव वर्षांपूर्वी सुरुवात झाली, तिथंच हात बसला. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून हेच दिसलं, की जिथं अशा शस्त्रक्रिया जास्त होतात तिथं मृत्यू बरेच कमी होतात. आपल्याकडं म्हणतात ना, भाकरी करताना हात भाजल्याशिवाय भाकरी फुगत नाही. तसंच.

आता दुसरी वाट, संगमाची. ही जास्त कठीण, आणि माझ्या दादांची.

१९५० च्या दशकापर्यंत संगमावरच्या गाठीला हात लावायचा नाही, असाच शिरस्ता होता. १९५४ साली ऑस्ट्रेलियात ब्राउन आणि मायर्स यांनी ती काढून दाखवली. १९६५ साली येल विद्यापीठाचे जेराल्ड क्लाट्स्किन यांनी अशा १३ रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. ते सर्जन नव्हते, यकृताचे अभ्यासक होते. त्यांचं म्हणणं मला फार खोल वाटतं. ही गाठ लहान असते, सावकाश वाढते, दूर फारशी पसरत नाही. मग माणूस का मरतो? ती बसलेली जागा वाईट असते म्हणून. वाट अडते, पित्त तुंबतं, यकृत बिघडतं, तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. या गाठीला आजही क्लाट्स्किनची गाठ म्हणतात.

एवढ्याशा गाठीसाठी मग काय काय लागलं बघा. आधी नकाशा लागला. फ्रान्सच्या क्लोद कुईनो यांनी १९५० च्या दशकात यकृताचे आठ भाग दाखवले. प्रत्येकाला स्वतःचं रक्त, स्वतःची पित्तनळी. आपल्या कालव्याच्या चाऱ्यांसारखंच. म्हणजे एक चारी बंद केली तरी दुसरीचं शेत जगतं. १९७५ साली आंरी बिस्म्यूथ यांनी संगमावरच्या गाठींचे चार प्रकार पाडले, गाठ कोणत्या फाट्यावर चढलीय त्यावरून. मग जपानी सर्जन पुढं आले. नागोयाच्या युजी निमुरा यांच्या तुकडीनं दाखवलं, की नुसती नळी काढून भागत नाही. संगमामागच्या यकृताच्या लहानशा खंडात रोगाची मुळं शिरलेली असतात, तेही काढावं लागतं. बहुधा अर्धं यकृतच काढावं लागतं. मग उरलेलं अर्धं पुरेल का? मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात युक्ती काढली. जो भाग काढायचाय त्याची रक्तवाहिनी आधीच बंद करायची आणि काही आठवडे थांबायचं. तेवढ्यात दुसरा भाग वाढतो. एका चारीचं पाणी दुसरीला दिलं की तिकडचं पीक जोमात येतं, तसं. मग गाठ, नळी, अर्धं यकृत आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढायच्या, लहान आतड्याचा एक पदर वर न्यायचा आणि उरलेल्या बारीक नळ्यांच्या तोंडांना एकेक टाका घालून शिवायचा. पाच-पाच मिलिमीटरची तोंडं. सात-आठ तास, कधी जास्त.

आणि इतकं करून? सगळी गाठ निघाली तरी पाच वर्षं जगणारे शंभरात साधारण वीस ते चाळीस. खालच्या तोंडाशी असलेल्या गाठींत हे प्रमाण बरं असतं. मी आकडा मुद्दाम सांगतोय. खोटी आशा देणं आणि आशा मारणं, दोन्ही मला नको. एवढं मात्र पक्कं, की वीस-चाळीसात बसायचं असेल तर आधी शस्त्रक्रिया करता येईल अशा अवस्थेत पोचावं लागतं. बहुतेक जण तिथं पोचतच नाहीत.

आता आपल्याकडं येऊ. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या पतीच्या, सर दोराबजींच्या नावच्या ट्रस्टनं परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते उघडलं. तेव्हा आपण कुठं होतो? निजामाच्या राज्यात. परळला कर्करोगाचं रुग्णालय उघडलं त्या दिवशी दिंद्रुडहून मुंबईला जाणं म्हणजे परमुलखात जाणं होतं. ते रुग्णालय १९५७ साली केंद्राच्या आरोग्य खात्याकडं आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडं गेलं. मूळ गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस तिथले नामवंत सर्जन. आज त्या रुग्णालयाच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. मराठीत पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलताना आणखी एक नाव घ्यावंच लागतं, डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचं. पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंड हाच त्यांच्या कामाचा प्रांत. त्यांचं आत्मचरित्र आहे, '...आणि दोन हात'. वाचनालयात मिळालं तर वाचा. मघाशी मी हात बसण्याबद्दल बोललो, ते नाव त्याच्याशी जुळतं. पुढच्या पिढीत टाटामध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शस्त्रक्रियांचे निकाल प्रसिद्ध केले आहेत, आणि ते जगातल्या मोठ्या केंद्रांच्या पंगतीत बसणारे आहेत. म्हणजे बर्लिन आणि बाल्टिमोरमध्ये सुरू झालेली वाट परळपर्यंत आलेली आहे. परळ ते दिंद्रुड चारशे किलोमीटरच्या वर. राहिला तो एवढाच शेवटचा पट्टा. आणि तो सगळ्यात लांब आहे.

आमच्यासाठी तो बारा आठवड्यांचा होता. दसऱ्याला डोळे पिवळे झाले. मग माळ. मग सलाईन. मग कापूस वेचणी, कारण पैसा त्यातूनच येणार. मुंबईला पोचलो तेव्हा जानेवारी निम्मा झाला होता. एका मोठ्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर आले. माझ्या निम्म्या वयाचे वाटले मला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, संडासचा रंग कसा होता?" दादा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, पण आजोबाच दिसत होते. दादा म्हणाले, "पांढरा. दसऱ्यापासून." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. सहजच.

तपासण्या झाल्या. गाठ संगमावर. हरभऱ्याएवढी, फार तर जरा मोठी. पण दोन्ही फाट्यांत चढलेली आणि शेजारच्या रक्तवाहिनीला वेढा घातलेला. काढता येणार नाही म्हणाले. बरगड्यांतून एक बारीक नळी घालून पित्त पिशवीत काढलं. खाज थांबली, हे खरं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा ते रात्रभर झोपले. पिशवी कमरेला बांधून गावी आलो. गुढीपाडव्याच्या आठ दिवस आधी दादा गेले.

मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं, दसऱ्यालाच आलो असतो तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही, सर." प्रामाणिक उत्तर होतं. मी तर्कशास्त्राचा माणूस, मला कळतं की न घडलेल्या गोष्टीवरून अनुमान काढता येत नाही. पण मला हेही कळतं, की त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ दिवाळीपासून होतं.

आणि ही खूण कुणी पाहिली का नाही, याचाही विचार मी पुष्कळ केलाय. त्या काळात माणसं पहाटे अंधारात गावाबाहेर जायची. कोण बघणार रंग? आणि बघितला तरी बोलणार कोणाशी? चरकांनी लिहिलेली खूण आम्ही अंधारात टाकून घरी येत होतो. आज घरोघरी संडास झालेत. बोलायची लाज मात्र अजून गेलेली नाही.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. आपला बीड जिल्हा २०१९ साली देशभर गाजला, तो ऊसतोड करणाऱ्या आपल्या माय-बहिणींच्या गर्भाशयांमुळे. हजारो जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, कित्येकींची ऐन तिशीत. कोयत्याचा खाडा पडू नये म्हणून, कर्करोग होईल अशी भीती घातली म्हणून. बघा हं, एकाच जिल्ह्यात जी शस्त्रक्रिया नको ती सहज मिळते आणि जी हवी ती मिळेपर्यंत माणूस जातो. सोपी शस्त्रक्रिया विकली जाते, अवघड शस्त्रक्रियेपर्यंत पोचावं लागतं. म्हणून क्राइलचा प्रश्न आपल्या घरातही विचारला पाहिजे. हे कापायचं कशासाठी? न कापता काय होईल? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का? असं विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

आज परिस्थिती १९८८ सारखी नाही. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. सोनोग्राफी तालुक्याला होते. आणि सोनोग्राफीत पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे यकृतातल्या नळ्या फुगल्यात का, वाट अडलीय का. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. तिच्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात. मुंबईत उतरायला दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कर्करोगाच्या रोग्यांची आणि नातेवाईकांची सोय होते. वाट पूर्वीइतकी अंधारी राहिलेली नाही. पहिलं पाऊल मात्र घरातूनच टाकावं लागतं.

शस्त्रक्रियेचा हा सव्वाशे वर्षांचा इतिहास मी सांगितला तो सर्जन लोकांचं कौतुक करायला नाही, जरी ते कौतुकाला पात्र आहेत. यातले किती जण हरले ते आठवा. हॉल्स्टेडची रोगीण गेली, काउशचा रोगी गेला, व्हिपलचे तीनातले एक गेले. पण प्रत्येकानं हरल्याची नोंद ठेवली. लपवली नाही. म्हणून पुढच्याला ती उपयोगी पडली. मीही आज माझी नोंद तुमच्यापुढं ठेवली. तेवढ्यासाठीच आलो होतो.

(व्याख्यानानंतर आलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन.)

पहिली चिठ्ठी : "सर, मग काविळीला माळ घालायची की नाही?"

घाला की. आई घालते म्हणाली तर नाही म्हणू नका. पण आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा आणि मग घाला. आणि रोज संडासचा रंग विचारा. पांढरा झाला, खाज सुटली, तर माळ लांबायची वाट बघू नका. त्याच दिवशी निघा.

दुसरी चिठ्ठी : "वय झालेल्या माणसावर एवढं मोठं ऑपरेशन करावं का?"

हे मी ठरवणार नाही, तुम्हीही एकट्यानं ठरवू नका. ज्याच्या पोटाला कापायचंय त्याला विचारा. सर्जनना तीन गोष्टी विचारा. सगळी गाठ निघेल का? तुम्ही अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता? आणि उठल्यावर यांचं जगणं कसं असेल? उत्तरं नीट मिळाली तर निर्णय घेता येतो. कुणी शस्त्रक्रिया नको म्हणेल, नुसती नळी घालून खाज थांबवा म्हणेल. तोही निर्णयच आहे. माझ्या दादांना तो निर्णय घ्यायची संधी मिळाली नाही, कारण आम्ही पोचलो तेव्हा एकच वाट उरली होती. तुम्ही दोन वाटा शिल्लक असताना पोचा, एवढंच माझं मागणं.